दुसऱ्या गावचे बुवा

"मी बसाक येवक नाय," हे बुवांचं कुठल्याही घरातलं पहिलं वाक्य. कुणी खुर्ची पुढे केली की ते तिच्या पाठीवर हात ठेवत, तिला जागच्या जागी जराशी फिरवत आणि उभेच राहत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. रोग्याशी बोलणंही उभ्यानेच. पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीन पावलं, परत तीन पावलं. ज्याची चाहूल लागताच घरातलं मांजर उठून निघून जातं असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचं मांजर जायचं.

मी मालवणातल्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. बुवा वैभववाडीकडच्या एका गावचे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते आगगाडीने कणकवलीला उतरत आणि तिथून एसटीने मालवणात येत. इथल्या एका छोट्या इस्पितळात त्यांचं काम असे. गाडी लवकर पोचायची आणि इस्पितळ उशिरा उघडायचं. मधला तास ते वाचनालयात काढत. काढत म्हणजे चालत. कथा-कादंबऱ्यांच्या रांगेतून आत जात, चरित्रांच्या रांगेतून बाहेर येत. वाचक वैतागत. शेवटी मी त्यांना भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी दाखवली.

त्यांनी ती नीट वाचली. "बाय, ह्या कोणाक सांगतास?"

"वाचकांना."

"ते गपच आसत. गप ऱ्हवलेल्यांका गप ऱ्हवा म्हणान कित्याक सांगूचा?"

आवाज विलक्षण घोगरा होता, वाळूवर होडी ओढावी तसा. या आवाजाचा माणूस इस्पितळात लोकांवर गाण्याने उपचार करतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा थट्टाच वाटली. त्यांच्या पिशवीत पेटीच्या भात्याजवळ पुण्याहून मिळवलेलं प्रमाणपत्र असे, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून घेतलेलं. त्यावर 'संगीतोपचारक' असा शब्द होता. "ह्यो शब्द माझ्या आवशीक अजून म्हणाक जमणा नाय," ते आपल्या आईबद्दल सांगत. "ती म्हणता, झील डॉक्टरांका भजन शिकयता." झील म्हणजे मुलगा.

पूर्वी ते डबलबारीचे बुवा होते. डबलबारी म्हणजे समोरासमोरच्या दोन मंचांवर दोन भजनी मंडळं. एका बाजूच्या बुवाने गाण्यातून दुसऱ्याला टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा, आणि लोकांनी देव विसरून भांडण ऐकायचं. पंधरा वर्षं ते असे गायले. मग एका बारीत वरच्या पट्टीत उत्तर देता देता आवाज फाटला, तो फाटलाच. बाकीचे बुवा अशा वेळी शेती बघतात किंवा दुकान घालतात. यांना ते जमेना. "गळो गेलो, पण भांडाण उरला. तेचा काय करूचा?" असं ते मला एकदा म्हणाले. ते उरलेलं भांडण घेऊन ते पुण्याला गेले, वर्षभर शिकले आणि आजारी माणसांशी भांडायला परत आले.

मी शब्द मुद्दाम वापरते आहे. रोग्यांना वाचायला पुस्तकं पोचवायला मी इस्पितळात जात असे, तेव्हा हे पाहिलं. उपचाराच्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी स्पीकरवर बासरी लावून ठेवलेली असे. बुवा आत शिरताच आधी तो स्पीकर बंद करत. "शांत करूक मी कित्याक व्हयो? तेका गोळी आसा मां."

एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर तिथे होते. शस्त्रक्रियेनंतर भिंतीकडे तोंड करून पडलेले, कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. बुवांनी पेटी पुढ्यात घेतली आणि तिथल्या तिथे एक ओळ रचली. घाटात गाडी बंद पडली आहे, ड्रायव्हर झोपला आहे आणि प्रवासी खाली उतरून धक्का मारताहेत, असं काहीतरी. मंगळवारी तेच, शुक्रवारी तेच. पुढच्या मंगळवारी भिंतीकडूनच आवाज आला, "मगे तुज्या बापाशीन ढकलल्यान काय रे मेल्या, माजी गाडी?"

नर्स घाबरली. बुवांनी पिशवीतून वही काढली आणि उभ्यानेच लिहिलं: 'आज शिवी. पुरी. रागान. मगे जेवले.'

डॉक्टर आले की बुवांची भाषा इस्त्री केल्यासारखी होई. "साहेब, रुग्णाचा प्रतिसाद समाधानकारक आहे." आणि डॉक्टर वळले की माझ्याकडे बघून, "म्हणजे माजो बापूस काढल्यान."

हे सगळं मी लांबून बघत होते, गंमत म्हणून. मग श्रावणात माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मी लग्न केलं नाही. बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द राहिला: नाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द मागे उरतो. चहा हवा का विचारलं तर ते 'नाय' म्हणत आणि डावा हात कपासाठी पुढे करत. झोप लागली का, तर नाय. मी कोण, तर माझ्याकडे बघून डोळे भरून येत आणि नाय. सुरुवातीला शेजारपाजारचे हसत. पुढे हसेनासे झाले.

एवढंच असतं तर आम्ही निभावून नेलं असतं. पण बाबा गावचे मानकरी होते. आमच्याकडे जत्रेच्या दिवशी मानकऱ्याने देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं असतं. तो एकेका देवाचं नाव घेऊन एकेक मागणं सांगतो, आणि मागे उभा असलेला गाव दरवेळी 'व्हय म्हाराजा' म्हणतो. आमच्या गाऱ्हाण्यात सात देव, त्यांचा क्रम ठरलेला, पहिला मान सातेरी देवीचा. ते कुठे लिहिलेलं नाही. घरी म्हणून बघायचं नाही, कुणाला बसवून शिकवायचं नाही. देवासमोर आणि देवासाठीच ते तोंडातून निघायचं. मागे उभं राहून वर्षानुवर्षं 'व्हय म्हाराजा' म्हणणारा एक दिवस पुढे येतो, एवढंच त्याचं शिक्षण. बाबा एकेचाळीस वर्षं पुढे होते. जत्रा मार्गशीर्षात, म्हणजे चार महिन्यांवर.

भाई म्हणजे माझा चुलतभाऊ, काजूची बाग आणि टेम्पो सांभाळतो. मान पुढे त्याच्याकडेच जायचा होता. तो वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. बाबांना ऐकू जाईल अशा बेताने तो पडवीत म्हणाला, "काका काय आता नाय नाय म्हणानच गाराणा घालतले?"

बाबांनी ऐकलं. त्या दिवसापासून ते देवळाच्या दिशेला पाठ करून बसू लागले.

मी बुवांना घरी बोलावलं. ते आले, बसले नाहीत, बाबांना म्हणाले, "गावकारांनू, माका तुमच्याशी भांडूचा आसा." बाबांनी नाय म्हटलं. सुरुवात बरी झाली असं बुवांचं मत पडलं.

पण पुढे काही होईना. वाचा गेलेली असली तरी कधी कधी गाणं शाबूत असतं, मेंदूची ती खोली वेगळी असते, असं बुवा सांगत. बाबांचा डावा हात हातात घेऊन ते बोटांनी ठेका धरत आणि त्या ठेक्यावर 'पाणी दी', 'माका उठव' अशी साधी वाक्यं सुरात म्हणून दाखवत. बाबा दुसरीकडे बघत. भजनं झाली. माझ्या सांगण्यावरून जुनी नाट्यगीतं झाली. टोमणेही झाले, मानकऱ्यांच्या धोतरावरून आणि फेट्यावरून. बाबा ढिम्म. दीड महिना असा गेला. बुवा अंगणात येरझाऱ्या घालत. तुळशीपासून विहिरीपर्यंत त्यांच्या पायांची वाट पडली, असं शेजारची काकी म्हणायची.

एका शुक्रवारी ते वैतागून माझ्यासमोर थांबले. "भजनाची आवड नाय, गाण्याची नाय. मगे ह्या माणसान आयुष्यभर तोंड उघडल्यान खंय?"

"देवळात," मी म्हणाले. "गाऱ्हाणं घालतात ते."

"आणि ह्या तुमी माका आता सांगतास?"

पुढचं इतक्या झटक्यात झालं की मला अडवता आलं नाही. ते वळले, बाबांच्या समोर उभे राहिले, हात जोडले आणि त्या फाटक्या आवाजात सुरू झाले: "बा देवा गांगेश्वरा म्हाराजा, बारा वाटेच्या..."

डोक्यात होतं तेच आलं. माणसाला एकच गाऱ्हाणं येतं, आपल्या गावचं. ते मानकऱ्याच्या घरात, मानकऱ्याच्या तोंडावर, नुसतं औषध म्हणून, दुसऱ्या गावचं गाऱ्हाणं घालत होते, आणि तेही सातेरीच्या आधी दुसऱ्याच देवाला हाक मारून. बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. मी देवळाच्या दिशेची खिडकी आधी लावून घेतली.

बाबांचा चेहरा तांबडा झाला. डाव्या हाताच्या फटक्याने त्यांनी पुढ्यातला पेला उडवला. "नाय. नाय. नाय." मग श्वास घेतला. ओठ वाकडे झाले, जीभ कशाला तरी शोधू लागली. "सा," ते म्हणाले. "सा. सातेरी." आणि पुन्हा, बुवांकडे बोट रोखून, "आदी. सातेरी."

पन्नास दिवसांनंतरचा पहिला शब्द. मला हसावं की रडावं कळेना. बुवा मात्र पांढरे पडले होते. काय केलं ते त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. ते अंगणात गेले, अनवाणी उन्हात उभे राहिले, परत आले आणि दोन्ही कान धरून वाकले. "चुकलंय, गावकारांनू."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाय," ते म्हणाले, पण हलक्या आवाजात.

पुढच्या मंगळवारी बुवा इस्पितळात न जाता आधी आमच्या देवळात गेले आणि गुरवाकरवी सातेरीसमोर नारळ ठेवला. त्यांच्या वहीत त्या दिवसाखाली मी वाचलं आहे: 'शब्द दोन. चूक माझी.'

आता पेच असा की उपाय सापडला होता आणि तो वापरायचा नव्हता. बुवांनी बाबांना सरळ विचारलं, घरी गाऱ्हाण्याचा सराव करूया का. बाबा म्हणाले, नाय. हे 'नाय' खरं होतं. बुवांनी विषय सोडला. पुढच्या खेपेला त्यांना झोप नसावी असे ते दिसत होते. आल्या आल्या म्हणाले, "द्येवाची नावा घेवची नाय. चाल घेतली तर द्येव रागावतलो नाय मां?"

म्हणजे गाऱ्हाण्याची लय, पण मागणं पेजेचं. बुवा बाबांच्या डाव्या तळहातावर ठेका देत आणि म्हणत, "पेज निवली म्हाराजा," आणि मी मागे उभी राहून म्हणायचं, व्हय म्हाराजा. "मांजर दुदाकडे बघता म्हाराजा." व्हय म्हाराजा. "भाईच्या टेम्पोचो आवाज डोक्यात जाता म्हाराजा." याला बाबा हसले.

आठव्या दिवशी बाबा म्हणाले, "चाय. थंड. म्हाराजा."

मग आमच्या घरात दोन महिने याच चालीत कारभार चालला. काकी कुंपणापलीकडून व्हय म्हाराजा म्हणायची आणि विचारायची, "आज गाराणा कसला, माश्याचा काय भाजयेचा?" बाबांची वाक्यं दोन शब्दांची झाली, तीन शब्दांची झाली. हातावर ठेका असला आणि मागून कुणी व्हय म्हटलं तरच बोलणं पुढे जाई. एकही गोष्ट कमी पडली की पुन्हा नाय.

यात माझीही शाळा झाली. आई शिक्षिका, घरात शुद्ध बोलायचं, असा तिचा दंडक. मालवणी मला सगळी कळायची, पण तोंडातून कधी यायची नाही. बाबा माझ्याशी मालवणीत बोलत, मी उत्तर पुस्तकातलं देई. पन्नास वर्षं आम्ही बापलेक असे बोललो. बुवा माझं 'व्हय म्हाराजा' ऐकून थांबले. "बाय, तुमी 'होय महाराज' म्हणतास. द्येवाक वाटात तहसीलदार इलो." त्यांनी मला ते वीस वेळा म्हणायला लावलं. एकविसाव्यांदा ते माझ्या पोटातून आलं. कुणाचं तरी ऐकलेलं, आजीचं असावं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी त्यांच्याशी मालवणीत बोलू लागले. त्यांना किती बरं वाटलं हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि मला विचारायला संकोच वाटत होता.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा बुवा म्हणाले, "थंयसर ठेको तुमी दिवचो."

"मी? बुवा, तिथे पुढे बायका नसतात."

"मगे मागे ऱ्हवा. हात लांब आसा मां?"

"तुम्ही का नाही?"

"माजो गाव दुसरो. एकदा चुकलंय, पुना नाय."

सात देवांची नावं बाबांनी त्या एका सातेरीखेरीज चार महिन्यांत उच्चारलीच नव्हती. ती येतील की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बुवांनाही. ठेका आणि व्हय म्हाराजा यांच्या मागून ती येतील, एवढीच आशा.

जत्रेच्या सकाळी भाईने बाबांना उजवीकडून धरलं. तो गंभीर होता. टोमणा वगैरे काही नाही. मी बाबांच्या मागे, डावीकडे. त्यांचा डावा हात मागे घेतलेला, माझ्या हातात. बुवा देवळात आले नाहीत. सभामंडपाच्या बाहेर खाज्याच्या, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊच्या, दुकानांपाशी ते इकडून तिकडे फिरताना मला दिसत होते.

मी ठेका दिला. बाबांनी सुरुवात केली. "बा. देवी. सातेरी. म्हाराजा." व्हय म्हाराजा, गाव म्हणाला, आणि तो आवाज असा आला की बाबांची पाठ सरळ झाली. दुसरं नाव आलं. तिसरं आलं. चौथ्याला ते थांबले.

मी ठेका देत राहिले. काही येईना. माझ्या हातातला त्यांचा हात घामाने ओला झाला. मागे कुणीतरी खोकलं. भाईने पुढचं म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याने ते म्हटलं असतं तर बाबा तिथेच संपले असते हे मला दिसत होतं. पुढचं नाव मला माहीत होतं. लहानपणापासून बायकांच्या घोळक्यातून मी ते ऐकत आले होते. मी म्हणाले, "बा पूर्वसा म्हाराजा, पोराबाळांची राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. सवयीने. कुणी म्हटलं हे कळायच्या आधीच.

बाबांनी मान वळवली. "नाय," ते मला म्हणाले. आणि समोर बघून, आपल्या आवाजात, "बा. पूर्वसा. म्हाराजा. गुराढोरांची. राखण कर." मी चुकले होते, पोरंबाळं पुढच्या देवाकडे होती. तिथून शेवटपर्यंत ते थांबले नाहीत.

नंतर कुजबुज झाली. बाईमाणसाचा आवाज आला, असं दोघातिघांनी गुरवाला सांगितलं. गुरव ऐंशीच्या घरातला. "माका आयकाक कमी येता," तो म्हणाला. "माका म्हाताऱ्याचोच आयकाक इलो."

मी बाहेर आले तेव्हा बुवा खाजेवाल्याच्या बाकड्यावर बसले होते. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होते. "तोंड कसा दिसला तेंचा?" त्यांनी विचारलं. "माका सगळा सांगा." मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून ते उठले आणि कणकवलीची एसटी धरायला निघून गेले.

बाबा वैशाखात गेले, झोपेत. लोक भेटायला येत आणि मला शांत राहायला सांगत. मी शांतच होते. इतकी, की बोलायला कुणी नाही म्हणून दिवसेंदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे, आणि मला त्याचं काही वाटतही नसे. वाचनालयात जायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, घरी यायचं.

तेव्हा वाचनालयात पुस्तकं हलू लागली. चरित्रांत पाककृती सापडे, कवितांमध्ये शेतीशास्त्र. मी निमूटपणे जागेवर लावत असे. पुढच्या मंगळवारी पुन्हा. चौथ्या खेपेला मी बुवांना ज्ञानकोशाचा खंड बालविभागात खुपसताना पकडलं, आणि वाचकांनी भरलेल्या खोलीत माझा आवाज फुटला. "काय चल्लाहा तुमचा? माज्या हातापायात काय ताकद उरली नाय आणि तुमी माजो सगळो संसार उलटोपालटो करतास?" आणखीही बरंच. मग मी रडले, बाबांना झटका आल्यापासूनच्या दहा महिन्यांत प्रथम.

बुवांनी वही काढली आणि लिहिलं. काय, ते मला दाखवलं नाही.

भाद्रपदात ते यायचे थांबले. घोगरेपणा वाढला होता, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. आवाज काय, गेलेलाच आहे, असं त्यांचं म्हणणं. मुंबईच्या इस्पितळात घशाचा रोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. उरलासुरला आवाजही गेला.

ते गावी परतल्यावर, कार्तिकात, मी त्यांना भेटायला गेले. पडवीत आरामखुर्चीत होते. वही मांडीवर. माझ्याकडे बघून त्यांनी लिहिलं, 'बसा. मी बसलंय.' मग बराच वेळ मीच बोलत होते, वाचनालयाचं, काकीचं, मांजराचं. ते वाचून दाखवल्यासारखं झालं असेल. त्यांनी लिहिलं, 'यंदा गाराणा कोण?'

"भाई."

'नावा येतत?'

"सगळी येतात. बाबांच्या बाजूला उभा होता ना."

मग लिहिलं, 'शेवटाक आजाऱ्यांची नावा घेतत मां तुमच्यात?'

मी सांगितलं की हो, गाऱ्हाणं संपताना मानकरी मागे वळून विचारतो, अजून कोण. मग ज्यांच्या घरी कुणी आजारी असेल ते नाव सांगतात. मानकरी ते नाव देवाच्या कानावर घालतो आणि गाव व्हय म्हणतो. त्यांनी मान हलवली. लिहिण्यासाठी पेन टेकवलं, उचललं, आणि वही मिटली. मला तेव्हाच कळलं. त्यांनी मागितलं नाही, ते मागणारच नव्हते. दुसऱ्या गावच्या देवाकडे मागण्याचा आपल्याला हक्क नाही असं ते मानत. मी निघताना म्हणाले, "मी येते जत्रेनंतर." त्यांनी हात वर केला.

जत्रेनंतर अकराव्या दिवशी बुवा गेले. हे सगळं लिहायला मला वर्ष लागलं, आणि जे लिहायचं होतं ते अजून उरलंच आहे.

त्या जत्रेला मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि बुवांचं नाव माझ्या ओठांवर तयार होतं. आडनाव आणि गाव धरून. घरी मी ते चार वेळा म्हणून पाहिलं होतं. भाईने गाऱ्हाणं चांगलं घातलं. सात नावं, अडखळल्याशिवाय. मग तो वळला. अजून कोण? कुणी सुनेचं सांगितलं, कुणी मुंबईतल्या नातवाचं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला अंदाज असावा, कारण तो थांबला, जरुरीपेक्षा जास्त थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी बोलली ती हीच, असं त्या पाहण्यात होतं. कोण हे बुवा, खंयचे, तुजे कोण, आपल्या द्येवाक तेंची पंचाईत कित्याक: हे कुणी विचारलं नाही. मी माझ्याच मनात ते सगळं ऐकलं.

"अजून कोण गो?" भाईने पुन्हा विचारलं. हळूच, घरातल्यासारखं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

भाई देवाकडे वळला. जे काय सांगायचा राह्यला आसात ता तूच समजान घे म्हाराजा, असं म्हणून त्याने गाऱ्हाणं संपवलं.

व्हय म्हाराजा, गाव म्हणाला. मीही म्हणाले.